दीर्घायुष्याची सोबत

घरातील वृद्ध माणसाची प्रकृती विचारताना आपण साधारणतः गुडघे, दृष्टी, भूक आणि झोप यांची चौकशी करतो. त्याच्याशी दिवसभरात कोण बोलले, त्याचे म्हणणे कोणी खोडून काढले का, अलीकडे त्याने नवे काय शिकून घेतले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. जबलपूर जिल्ह्यातील कुंडमसारखे तहसिलीचे गाव असो किंवा पुण्यामुंबईतील वस्ती असो, म्हातारपणाचा खरा प्रश्न पुष्कळदा औषधाच्या बाटलीपाशी संपत नाही, तर तेथून सुरू होतो. औषध वेळेवर मिळते. पण बोलायला माणूस मिळत नाही.

आई-वडिलांना व साठ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठ नागरिकांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसेल, तर मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क २००७ सालच्या कायद्याने दिला आहे. त्यासाठी उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरण असते. हा कायदा प्रत्येकाला माहीत असावा, कारण तो अनेकांच्या उपयोगी पडणारा आहे. परंतु न्यायाधिकरण पैसे देण्याचा आदेश देऊ शकते, मायेने बोलण्याचा आदेश देऊ शकत नाही. नाती ही म्हातारपणी मागून मिळण्याची वस्तू नव्हे; ती तरुणपणापासून जोपासावी लागतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या घराची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला आणि मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२ रोजी. म्हणजे ते एकशे चार वर्षे जगले. स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. येथे विचार करायचा आहे तो त्यांच्या घरातील माणसांचा. घरात त्यांना ‘अण्णा’ म्हणत.

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड या गावी त्यांचे बालपण गेले. शिक्षणाची गती संथ होती. सहावीच्या परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. पण वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. आल्या वाटेने त्यांना परत फिरावे लागले. पुढे १८८१ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस वर्षांचे होते. आज तेवीस वर्षांच्या मुलाने दहावीचा अर्ज भरला तर शेजारीपाजारी हसतात. अण्णांनी त्या हसण्याची पर्वा केली नाही. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. लहानगा रघुनाथ मागे राहिला. त्या काळात विधुराने दुसरे लग्न करणे ही नित्याची गोष्ट होती. वधू बहुधा दहाबारा वर्षांची कुमारिका असे. विधवेने मात्र पुन्हा लग्न करणे हे पाप मानले जाई. हा न्याय अण्णांना पटला नाही. आपण विधुर आहोत, तर विधवेशीच विवाह करायचा, असे त्यांनी ठरवले. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणारी ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पुढे सारेजण त्यांना ‘बाया’ म्हणू लागले.

मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकले. बहिष्कार म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला चटकन कळणार नाही. ज्याच्यावर बहिष्कार पडतो त्याला एकट्याला शिक्षा होत नाही; त्याला घरात घेणाऱ्या आईला, भावाला, बहिणीलाही ती होते. पाणी, पंगत, लग्नकार्य, सगळेच बंद. आपल्या मतासाठी आपण सोसणे सोपे. आपल्या मतासाठी आईने सोसावे, हे पाहणे कठीण. अण्णांच्या वाट्याला हे दुसरे दुःख आले.

मोकळेपणाचा विचार करताना या घरातील एक अवघड गोष्ट झाकून ठेवता येत नाही. अण्णांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळील हिंगणे येथे एका साध्या झोपडीत गेला. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता. तेथे पुनर्विवाह लावून देतात अशी लोकांची समजूत झाली, तर कोणी आपली मुलगी पाठवणार नाही, ही भीती होती. म्हणून अण्णांनी आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवले. त्याची किंमत बायांना द्यावी लागली. पुनर्विवाहित असल्यामुळे नवऱ्याने उभारलेल्या संस्थेपासूनच त्यांना पुष्कळ काळ काहीसे दूर राहावे लागले. शिवाय अण्णांची शिल्लक संस्थेकडे जात असे आणि संसार बायांना चालवायचा असे. नवरा थोर असला म्हणून पीठमिठाचा हिशेब आपोआप जुळत नाही.

बायांनी हे मुकाट्याने सोसले असते, तर ती एक नेहमीची त्यागकथा झाली असती. तसे झाले नाही. त्या स्पष्ट बोलत. संस्थेसाठी निधी गोळा करायला स्वतः हिंडत आणि आपल्यावर झालेला अन्यायही लपवून ठेवत नसत. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि सूनबाई कावेरी कर्वे यांनी त्या शब्दबद्ध केल्या. १९४४ साली ‘माझे पुराण’ या नावाने ते पुस्तक निघाले. सासूने मन मोकळे करावे आणि सुनेने ते काही न दडवता लिहून घ्यावे, अशी घरे आजही मोजकीच असतील. अण्णा तेव्हा हयात होते. महर्षींच्या पत्नीने महर्षींविषयीच्या तक्रारीही छापाव्यात आणि घर शाबूत राहावे, ही गोष्ट अण्णांच्या कोणत्याही पदवीपेक्षा कमी मोलाची नाही.

येथे क्षणभर थांबून विचार करा : तुमच्या घरातील आजी किंवा आई यांना आपली खरी कहाणी सांगावीशी वाटली, तर ती लिहून घ्यायला कोण बसेल?

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा याच घराच्या आधाराने उभी राहिली. विशीच्या सुमारास वैधव्य, पदरी एक मुलगा आणि शिक्षण नाही, अशी तिची अवस्था होती. सव्वीस वर्षांची झाल्यावर तिने पाटी हातात घेतली. पुनर्विवाह न करता शिकावे आणि आश्रमाचे काम करावे, हा मार्ग तिने स्वतः निवडला. बहिणीने एक मार्ग घेतला, दुसरीने दुसरा; कोणाचा बरोबर, यावरून नाते तुटले नाही. पुढे इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाला मदत मिळवण्यासाठी पार्वतीबाई १९१८ साली अमेरिकेला निघाल्या. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. इंग्रजी जेमतेम येत होते. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले आणि १९२० साली त्या परतल्या. ‘आता या वयात काय शिकायचे?’ हा प्रश्न मुक्त विद्यालयाच्या केंद्रावर अनेकदा ऐकू येतो. तो पार्वतीबाईंनाही कोणी ना कोणी विचारलाच असेल.

मुलेही वडिलांच्या साच्यातली निघाली नाहीत. थोरले रघुनाथराव संततिनियमनाचा प्रचार करू लागले. १९२१ साली त्यांनी मुंबईत त्यासाठी केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली आणि अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेले, दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, तर धाकटे भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत राहिले.

दिनकररावांच्या पत्नी म्हणजे पुढे मानवशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या इरावतीबाई. १९२८ साली त्यांनी उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जायचे ठरवले, तेव्हा दिनकररावांचा पाठिंबा होता. विरोध होता तो अण्णांचा. साऱ्या महाराष्ट्रातील मुलींना शिकवायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या सुनेचे परदेशी शिक्षण पटू नये, हे वाचताना आश्चर्य वाटते. पण माणूस कितीही पुढारलेला असला, तरी त्याच्या विचारांचा उंबरठा कुठेतरी असतोच, आणि तो बहुधा स्वतःच्या घरातच लागतो. महत्त्वाचे हे की, अण्णांचा विरोध घराचा हुकूम झाला नाही. इरावतीबाई गेल्या, १९३० साली बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि १९३१ पासून काही वर्षे सासऱ्यांनीच स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात प्रशासनाचे काम त्यांनी पाहिले. वडिलधाऱ्यांचे मत चुकले, तरी ते मागे घेण्याची जागा नात्यात शिल्लक असावी लागते. अण्णांच्या घरी ती होती.

आता त्यांच्या उतारवयाकडे पाहू. महिला विद्यापीठाची कल्पना त्यांना टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका वाचून सुचली आणि १९१६ साली ते सुरू झाले. तेव्हा अण्णा अठ्ठावन्न वर्षांचे होते. नोकरदार माणूस ज्या वयात निवृत्तीचे कागद गोळा करतो, ते हे वय. आज हे विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले. शिक्षणविषयक परिषदांना हजर राहिले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले. परत आल्यावर थोडी विश्रांती घेऊन आफ्रिकेचा दौरा केला. हा प्रवास प्रेक्षणीय स्थळे पाहण्यासाठी नव्हता. आपल्या विद्यापीठाची माहिती सांगणे आणि इतरांची ऐकणे, असे त्याचे स्वरूप होते.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे १९३६ साली, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोहोचली नव्हती, तेथे शाळा काढणे हे मंडळाचे काम. खेड्यातील प्रौढांची वाचनाची सवय टिकावी, याकडेही त्यांचे लक्ष होते. ही बारकाईने टिपलेली गोष्ट आहे. अक्षरओळख झालेल्या माणसाच्या हाती पुढे वाचायला काही आले नाही, तर पाचसात वर्षांत शिकलेले अक्षर पुसट होते. पुढे १९४४ साली, शहाऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी जातिभेद आणि उच्चनीचता नाहीशी व्हावी म्हणून समता संघ काढला. साधारणतः वय वाढते तशी माणसाची मते आखडत जातात. अण्णांच्या कामाचे वर्तुळ मात्र उलट वाढत गेले : प्रथम विधवा, मग सर्व स्त्रिया, मग खेड्यातील मुले, आणि शेवटी सर्व माणसे.

शरीराचीही उपेक्षा त्यांनी केली नाही. आहार साधा, खर्च बेताचा. आश्रम हिंगण्याला गेला तेव्हा कॉलेजचे काम आटोपून ते रोज संध्याकाळी पायी तेथे जात, पावसाळ्यात चिखल तुडवीत. यात व्यायामाचा हेतू नव्हता. आश्रमातल्या मुलींना शिकवायला जायचे होते. चालायला निमित्त असले, की पायांना वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.

२९ नोव्हेंबर १९५० रोजी बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचे सहजीवन संपले. त्यानंतर अण्णा जवळजवळ बारा वर्षे जगले. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हे सन्मान त्यांना मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या जन्मदिनी भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. मुरूडच्या ज्या गावकऱ्यांनी १८९३ साली ठराव करून त्यांना वाळीत टाकले होते, त्यांच्यापैकी कोणी हे पाहायला उरले असण्याचा संभव नव्हता. पण त्यांच्या नातवंडांच्या पत्रांवर ते तिकीट डकवले गेले असेल. हिंगण्याची ती पहिली झोपडी मात्र संस्थेने जपून ठेवली आहे. आता तिच्याभोवती शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे आहेत, आणि त्या भागाला कर्वेनगर म्हणतात.