नडगीचा मार व हिज्कीयाचे गळू

पाठ : २ राजे २०:१-७

हिज्कीया राजाने अश्रू गाळून प्रार्थना केली, आणि तू बरा होशील असे देवाचे वचन यशयाने त्यास कळविले. तरी त्याच यशयाने अंजिरांचा लेप मागवून गळवावर लावविला. "प्रार्थना केली आहे, आता दवाखाना कशाला?" असे म्हणणाऱ्या बंधूंनी हा भाग पुन्हा वाचावा. आपण एक नित्याचे दुखणे घेऊन हे पाहू.

नांगराचा फाळ किंवा घराचा उंबरठा नडगीस लागतो. खरचटलेले आठ दिवसांत भरते, पण हाड ठणकतच राहते. मग आत पू झाला की काय, ही भीती मनात शिरते. नडगीच्या पुढे मांस नाही. कातडीखाली लगेच हाड, व हाडावर एक पातळ पडदा आहे. तो फार हळवा. तो ठेचला म्हणजे दाबल्यावर कळ येणे व लहानशी गाठ राहणे हे कित्येक आठवडे चालते. ते हळूहळू उणे होत असेल तर भिऊ नये. मात्र तेथे रगडून चोळू नये. आपल्या लोकांस ह्याची मोठी हौस!

परंतु जखमेभोवती लाली पसरू लागली, पाय गरम लागून सुजला, पू आला, जांघेत अवधाण आले, हुडहुडी भरून ताप आला, किंवा उणी होत आलेली कळ उलट वाढून झोप येऊ देईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्याने तर थोड्या लालीसही क्षुल्लक मानू नये. लालीच्या कडेने शाईची रेघ ओढून ठेवावी, म्हणजे ती किती पसरली हे डॉक्टरांस दिसेल.

सन १८६५ मध्ये ग्लासगो येथे गाडीच्या चाकाखाली ११ वर्षांच्या एका मुलाची नडगी मोडून जखम झाली. त्या काळी अशा जखमा सडून पाय कापावा लागे, नाहीतर रोगी मरे. लिस्टर ह्या शस्त्रवैद्याने कार्बॉलिक ॲसिडात भिजविलेली पट्टी बांधली. जखम न सडता सुमारे सहा आठवड्यांत हाड सांधले. आपणांस घरी ॲसिड नको. साबण व स्वच्छ वाहते पाणी पुरे. राख, शेण, तंबाखू मात्र जखमेत कदापि भरू नये.

धनुर्वाताचे जंतू माती व शेणात असतात, आणि त्यांस लहानशी जखमही पुरते. दातखीळ बहुधा ३ ते २१ दिवसांत बसते, म्हणून वाट पाहू नये. जखमेत माती गेली असेल व मागील लशीस पाच वर्षे होऊन गेली असतील, किंवा ती कधी टोचली हे आठवत नसेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन टोचून घ्यावी.