टिटवीचे उघडे घर

मुलांनो, पक्षी पाहायचे तर लांब अभयारण्यातच जायला हवे, असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच नाही. आपल्या बदलापूरजवळून उल्हास नदी वाहते. राजमाचीकडच्या डोंगरांत ती उगम पावते, कर्जतवरून इकडे येते आणि पुढे कल्याणजवळून खाडीला मिळते. उन्हाळा लागला की पाणी उतरते व पात्रातले दगडगोटे उघडे पडतात. मार्च महिन्यातल्या एका रविवारी सातवीच्या दहा मुलांना घेऊन मी तिथे गेलो. सोबत वह्या, पेन्सिली, भाकरी आणि एक दुर्बीण. बस्स!

सकाळी पहिला दिसला तो पाणकावळा. पंख पसरून खडकावर उभा होता. त्याची पिसे पाण्यात भिजतात, म्हणून तो ती उन्हात वाळवतो. पांढरा धोबी शेपटी खालीवर हलवीत किडे टिपत होता. हा आपला हिवाळी पाहुणा. हिमालयातून व त्याही पलीकडून येतो आणि उन्हाळ्यात परत जातो.

तेवढ्यात टिटवी ओरडू लागली. डोळ्यापुढे लाल कातडी, लांब पिवळे पाय. आम्ही पन्नास पावलांवरच बसलो. थोड्या वेळाने ती शांत झाली आणि गोट्यांत जाऊन बसली. ती उठली तेव्हा दुर्बिणीतून चार अंडी दिसली. घरटे कसले? नुसता खळगा! अंड्यांचा रंग थेट दगडांसारखा. हाच त्यांचा बचाव.

दुपारी ऊन तापले. टिटवी पाण्यात जाऊन पोट भिजवून आली व पुन्हा अंड्यांवर बसली.
“गुरुजी, असं का करते ती?” एकाने विचारले.
ओल्या पिसांनी अंडी थंड राहतात, म्हणून. नर आणि मादी पाळीपाळीने बसतात. साधारण चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात.

इतक्यात एक टेम्पो धुण्यासाठी पात्रात उतरू लागला. चाके सरळ खळग्याच्या दिशेने! टिटवी पंख पसरून जागेवरच ओरडत राहिली. मुले धावली. “दादा, थांबा! इथं अंडी आहेत!” चालकाने खाली उतरून पाहिले. त्याला आधी काहीच दिसेना. मग दिसली. त्याने मुकाट्याने गाडी मागे घेतली.

दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाच्या वाटेवर, दक्षिण जॉर्जिया नावाचे बेट आहे. तिथले जेंटू पेंग्विनही जमिनीवरच, खडे व गवत रचून घरटे करतात. तिथे जाणाऱ्या माणसांना पक्ष्यांपासून ठरावीक अंतर राखावे लागते. मग हाच नियम आपल्या नदीवर आपणच का पाळू नये?

टिटवी पाय वर करून झोपते व आकाश तोलते, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. पण चाकांपुढे ती उभी राहिली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

लक्षात ठेवा : अंड्यांना हात लावू नये. पक्षी ओरडू लागला की मागे सरावे. नदीत गाड्या धुऊ नयेत. ते पाणी आपणही पितो.

सांगा पाहू :
१. टिटवीची अंडी चटकन का दिसत नाहीत?
२. टिटवी पोट का भिजवते?
३. तुमच्या घराजवळ जमिनीवर घरटे करणारा आणखी कोणता पक्षी आहे? लांबूनच पाहा आणि वहीत लिहा.