पट्टीवरच्या कण्या

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा बालकांच्या आहारावर लिहावे असे मनात होते. परंतु तो विषय या पानांतून अनेकदा येऊन गेला आहे. म्हणून ज्या रोगगटाने मला माझ्याच चुकीतून शिकवले, त्याविषयी लिहीत आहे. लेख डॉक्टर बंधुभगिनींसाठी आहे, तसाच समाजातील इतर वाचकांसाठीही आहे. कारण या हकिगतीतील निदान मुळात एका आजीने केले होते. मला ते ऐकू यायला पाच महिने लागले.

काही वर्षांपूर्वी जोयडा तालुक्यातील एका वाडीवरून ११ वर्षांची एक मुलगी आजीबरोबर दांडेलीस माझ्याकडे आली. उजव्या जबड्याच्या कोनाखाली सूज होती. त्वचा जांभळट पडलेली, मध्ये एक छिद्र आणि त्यातून अधूनमधून पाझरणारा पू. ताप जवळजवळ नव्हता, दुखणेही नव्हते. आपल्या देशात मुलाच्या मानेवर वाहती गाठ दिसली की हात आपोआप क्षयरोगाच्या गोळ्यांकडे जातो. गंडमाळ हा शब्द आपल्या घरांतूनही रुळलेला आहे. माझेही तेच झाले. ऊतीचा तुकडा न तपासता मी क्षयरोगाचे औषध सुरू केले. महिनाभरात सूज किंचित उतरली आणि माझी खात्री पटली. आज विचार करता त्याचे कारण उघड आहे. रिफाम्पिसिन हे केवळ क्षयाच्या जंतूंवर नव्हे, तर इतर अनेक ग्रामधन जिवाणूंवरही चालते. अर्धवट गुण येणे ही या रोगांतील सर्वांत मोठी फसवणूक होय.

पाचव्या महिन्यात पहिल्या छिद्राच्या शेजारी दुसरे उघडले. आजी म्हणाली, "बाई, पट्टीला कण्या लागतात, म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं." तिने खरोखरच सांगितले होते. केसपेपरवर ते लिहिलेले नव्हते, पण मला आठवले. तांदळाच्या कण्या म्हणजे काय हे जोयड्याच्या बाईला कोणी शिकवावे? मी पट्टी मागितली. पुवाने भिजलेल्या जाळीत मोहरीहून लहान, पिवळसर, घट्ट असे चार-पाच दाणे अडकले होते. ते काचपट्ट्यांमध्ये चिरडून ग्राम पद्धतीने रंगवले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, फांद्या फुटलेल्या निळ्या तंतूंचे जाळे दिसले. रोग ॲक्टिनोमायकोसिस होता. त्याच बाजूची खालची दाढ किडून पोकळ झाली होती. पहिल्या भेटीत मी तोंड उघडून पाहिले होते, पण ते घशापुरतेच.

या रोगाचा इतिहास गुरांपासून सुरू होतो. गाईबैलांच्या जबड्यावर दगडासारखी गाठ येते हे पशुपालकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. १८७७ साली म्युनिकच्या बोलिंगर यांनी त्या गाठींतील पिवळे कण वर्णिले. हार्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाने कणांतील किरणांसारख्या रचनेवरून त्यांना किरणबुरशी या अर्थाचे नाव दिले. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या जेम्स इस्रायल यांनी माणसातील रोगाचे वर्णन केले. नावात बुरशी असली तरी हा जीव बुरशी नव्हे, जिवाणू आहे. तो गुरांकडून किंवा दुसऱ्या रुग्णाकडून येत नाही. माणसात रोग करणारी त्याची जात आपल्याच तोंडात, दातांच्या फटींत व हिरड्यांच्या कडेला निरुपद्रवीपणे राहत असते. किडलेली दाढ, काढलेला दात किंवा जबड्याला लागलेला मार यामुळे तिला प्राणवायूविरहित खोल ऊतीत शिरकाव मिळाला की ती वाढते. वाढही विलक्षण असते. ती लसिकाग्रंथींची वाट धरत नाही. स्नायू, चरबी, त्वचा यांच्या सीमा न मानता सरळ आरपार जाते. म्हणून सूज लाकडासारखी कठीण लागते आणि तिच्या मानाने ग्रंथी फारशा सुजत नाहीत. क्षयाच्या गाठी बोटांखाली वेगवेगळ्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या अशा जाणवतात. येथे गाठ अशी वेगळी सापडतच नाही. हा भेद मला ठाऊक होता, पण मी बोटे पुरेशी फिरवली नाहीत.

उपचार जुनाच आहे: पेनिसिलिन. मात्र ते भरपूर आणि दीर्घकाळ द्यावे लागते, कारण कणांच्या भोवती व आत औषध सहज पोहोचत नाही. पसरलेल्या रोगात प्रथम काही आठवडे शिरेतून, मग कित्येक महिने तोंडाने पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन, असा प्रघात आहे. जबड्यापुरता मर्यादित रोग लवकर सापडला तर मुदत कमी करता येते. एक सूचना व्यवसायबंधूंसाठी. दंतरोगांत आपण मेट्रोनिडॅझोल सर्रास देतो. ॲक्टिनोमायसिस प्राणवायूविना वाढत असला तरी मेट्रोनिडॅझोलला दाद देत नाही.

कण असलेला पू म्हटला की दुसरा रोग आठवतो तो मायसेटोमा, आणि त्याची कथा तर आपल्या अंगणातील आहे. १८४२ साली मदुराईच्या दवाखान्यातील गिल यांनी या पायाची नोंद केली, म्हणून मदुरा पाय हे नाव पडले. १८४६ साली आपल्या कर्नाटकातील बळ्ळारीहून गॉडफ्रे यांनी असेच रुग्ण कळवले. परंतु रोगाला शास्त्रीय रूप दिले ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या १८५८ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातील आकृत्या काढणारे हेच ते कार्टर. त्याच वर्षी ते मुंबईस आले आणि कापून काढलेल्या पायांचे छेद घेऊन, चित्रे रेखाटून त्यांनी सिद्ध केले की हाडांपर्यंत पोखरत जाणारे ते काळे व फिकट कण म्हणजे बाहेरून शिरलेला सजीव होय. १८६३ पासून काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. त्यांचा मायसेटोमावरील ग्रंथ १८७४ साली प्रसिद्ध झाला. काळे कण व फिकट कण असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले होते. फिकट कणांपैकी पुष्कळसे बुरशीचे नसून तंतुमय जिवाणूंचे असतात हे पुढे उलगडले. ज्यांच्या आकृत्यांवर आपण शरीररचना शिकलो, त्यांच्या या कामाचा आपल्या अभ्यासक्रमात उल्लेखही नसावा, याची मला खंत वाटते.

कार्टरांच्याही कित्येक शतके आधी सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात वल्मीक नावाचा विकार येतो: तळहात, तळपाय, सांधे, मान अशा जागी हळूहळू वारुळासारखी वाढणारी, अनेक तोंडांनी पाझरणारी गाठ. हातापायांवरील बहुछिद्री, सुजलेले वल्मीक वैद्याने हाती घेऊ नये असेही तेथे सांगितले आहे. आजच्या नावाशी त्याची तंतोतंत सांगड घालण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण काळी नदीच्या खोऱ्यात ज्याने जागोजागी उभी वारुळे पाहिली आहेत, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. धरणात जुने सुपा बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. बहुतांश भूभाग जंगलाचा, पाऊस उदंड, वस्ती विरळ. कुणबी, गवळी आणि इतर समाज शेती, गुरे व रानातील उपजावर जगतात. कंद खणताना, भाताची रोपे लावताना, गुरांमागे फिरताना पाय बहुधा अनवाणी असतो. मायसेटोमाचे जंतू मातीत व काट्यांवर असतात. काटा मोडतो, विसरला जातो, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तळपायावर न दुखणारी गाठ येते. न दुखणे हेच या रोगाचे बळ. जो पाय चालतो त्यासाठी मजुरीचा दिवस मोडून कोण शहरात येईल? येतो तेव्हा हाड पोखरलेले असते.

येथे कणांचा प्रकार ओळखणे हा पाय राखण्याचा वा गमावण्याचा प्रश्न होतो. जिवाणूजन्य मायसेटोमा औषधाने बरा होतो: कोट्रायमॉक्सॅझोल आणि त्याच्या जोडीला अमिकॅसिन किंवा जेंटामायसिन, रक्त, मूत्रपिंड व श्रवण यांवर लक्ष ठेवून, महिनोन्महिने. बुरशीजन्य प्रकारात इट्राकोनॅझोलसारखी औषधे वर्षभर किंवा अधिक काळ द्यावी लागतात, बहुधा शस्त्रक्रियेची जोड लागते, आणि तरीही रोग उलटतो. काळे कण बुरशीचे, लाल कण जिवाणूंचे. पांढरे-पिवळे मात्र दोहोंपैकी कोणाचेही असू शकतात, त्यांना सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते. कण न पाहता पाय कापण्याचा सल्ला दिला गेलेला एक गुराखी मला ठाऊक आहे. कोठे, कोणी, हे येथे महत्त्वाचे नाही. कापलेल्या पायाची तपासणी झाली तेव्हा तो औषधाने बरा होणारा प्रकार निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मायसेटोमास दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले.

आता माझ्या शाखेचा खास रोग. लहान मुलाच्या मांडीवर, कुल्ल्यावर किंवा दंडावर त्वचेखाली थाळीसारखी पसरलेली, घट्ट, न दुखणारी सूज येते. तिच्या कडेखाली बोटे घालून ती उचलता येते. मूल खेळते आहे, जेवते आहे. आईबापांच्या मनात कर्करोग, आणि खरे सांगायचे तर डॉक्टरच्याही मनात तोच. ही बॅसिडिओबोलस नावाची बुरशी असू शकते. कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि बेडूक, पाली, सरडे यांच्या आतड्यात व विष्ठेत ती राहते. १९५६ साली इंडोनेशियातून मानवी रुग्णांचे पहिले वर्णन झाले. दक्षिण भारतातूनही बालरुग्ण नोंदले गेले आहेत. बायॉप्सीत रुंद, विरळ पडद्यांचे तंतू, त्यांच्याभोवती गुलाबी वेष्टन आणि इओसिनोफिल पेशींची गर्दी दिसते. अशी मांडी शल्यचिकित्सकाने रुंद काप घेऊन काढावी अशी नसते. पोटॅशियम आयोडाइडचे संपृक्त द्रावण हे जुने, स्वस्त औषध किंवा इट्राकोनॅझोल यांनी सूज आठवड्यांत मऊ पडू लागते. औषध मात्र महिनोन्महिने चालवावे लागते आणि आयोडाइडवर असलेल्या मुलाच्या थायरॉइडकडे लक्ष ठेवावे लागते.

इतर रोगांचा धावता उल्लेख पुरे. काटा टोचलेल्या जागेपासून हातावर ओळीने चढत जाणाऱ्या गाठी दिसल्या तर स्पोरोट्रायकोसिस आठवावा. इंजेक्शनच्या जागी महिन्याने आलेले, साध्या प्रतिजैविकांना न जुमानणारे गळू क्षयाच्या जंतूंच्या शीघ्र वाढणाऱ्या भाऊबंदांचे असू शकते. त्यावर क्षयाची नेहमीची औषधे चालत नाहीत. बीसीजीनंतर निरोगी बाळाच्या डाव्या काखेत येणारी गाठ बहुधा आपोआप जिरते; तिला क्षयाचे औषध देऊ नये, चिरूही नये, पिकली तर सुईने पू काढावा. नोकार्डिया हा मातीतील जिवाणू सौम्य आम्लाच्या धुणीनंतरही लाल रंग धरतो, म्हणून क्षय समजला जातो. आणि क्षय खरोखर असतोही. माझ्या चुकीचा अर्थ क्षयाची शंका घेऊ नये असा कोणी काढू नये. शंका जरूर घ्यावी, पण औषधाआधी नमुना घ्यावा.

नमुन्याचे तंत्र लहान दवाखान्यातही जमते. छिद्रावर रात्रभर निर्जंतुक जाळी बांधून ठेवावी, सकाळी तीवरील कण सुईने उचलावेत, सलाइनमध्ये धुऊन चिरडावेत. ग्राम रंगात अतिबारीक तंतू दिसले तर जिवाणू. पोटॅश द्रावणात त्याहून कितीतरी जाड तंतू दिसले तर बुरशी. बायॉप्सी घेतली तर तुकडा दोन बाटल्यांत घालावा, एक फॉर्मालिनची, दुसरी निर्जंतुक सलाइनची. आपल्याकडे सर्रास सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये बुडतो आणि संवर्धनाची वाट तेथेच बंद होते. ॲक्टिनोमायसिसची शंका असल्यास प्रयोगशाळेला आधी कळवावे. त्याला प्राणवायूविरहित संवर्धन लागते, वाढीला दोन-तीन आठवडेही लागतात, आणि नमुन्याआधी दिलेल्या प्रतिजैविकाच्या दोन मात्रा ती वाढ रोखू शकतात.

त्या मुलीस चार आठवडे रुग्णालयात शिरेतून पेनिसिलिन दिले, दाढ काढली, पुढे सहा महिने ॲमॉक्सिसिलिन चालले. वाडीवरून पहिली बस चुकली की दिवस जातो, म्हणून औषध दोन-दोन महिन्यांचे बांधून दिले. क्षयाच्या गोळ्या का बंद केल्या असे वडिलांनी विचारले, तेव्हा माझे निदान चुकले होते असे त्यांना सरळ सांगितले. ते गप्प राहिले. आजीने मात्र पिशवीतून कागदाची पुडी काढली. पूर्वीच्या पट्ट्यांवरचे कण तिने वाळवून जपून ठेवले होते, मला दाखवायला.