विजेची मोटार आणि गावचे रोहित्र

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राच्या काठी, दिवेआगर हे गाव वसलेले आहे. लांबवर पसरलेली पुळण, तिला लागून सुरूचे बन आणि त्याच्या आड नारळी-पोफळींच्या वाड्या, अशी या गावाची शोभा आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडील पाहुण्यांनी गाव गजबजून जाते. सोमवारी ते पुन्हा शांत होते.

अलीकडे या पाहुण्यांच्या मोटारींत विजेवर चालणाऱ्या मोटारीही दिसू लागल्या आहेत. पेट्रोलच्या मोटारीची टाकी पाच मिनिटांत भरते; विजेच्या मोटारीतील घटमाला मात्र घरगुती जोडणीवर भरावयास सारी रात्र लागते. तेव्हा गावात एक जलद चार्जर बसवावा, असे कोणालाही वाटेल. विचार चांगला आहे. पण हिशेब मांडल्यावाचून त्याची योग्यता कळावयाची नाही.

पूर्वी वाडीतील विहिरीवर रहाट असे. रहाटाचे पाणी दोणीत पडे आणि तेथून पाटाने पोफळींच्या आळ्यांत जाई. पुढे रहाटाच्या जागी विजेचा पंप आला. रहाट दिवसभरात जेवढे पाणी काढी, तेवढे पंप थोडक्या वेळात काढतो. पाणी तेवढेच; धार मात्र मोठी. विजेचेही असेच आहे. एकूण वीज किती घेतली हे ‘युनिट’ या मापाने मोजतात. ती किती वेगाने घेतली हे ‘किलोवॉट’ या मापाने. एक किलोवॉट वेगाने एक तास वीज घेतली, म्हणजे एक युनिट होते.

समजा, एका मोटारीच्या घटमालेत ३० युनिटे मावतात. घरातील १५ अँपिअरच्या जोडणीतून सुमारे ३ किलोवॉट वेगाने वीज मिळते. म्हणजे घटमाला भरावयास दहा तास हवेत. ६० किलोवॉटच्या जलद चार्जरला हेच काम हिशेबाने अर्ध्या तासाचे. प्रत्यक्षात वेळ याहून अधिक लागतो. एक तर मोटारीला तेवढा वेग सोसला पाहिजे. शिवाय घटमाला ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरली की पुढे ती सावकाश भरावी लागते, नाही तर ती तापते व तिचे आयुष्य घटते.

आता ६० किलोवॉट म्हणजे किती ते पाहू. पाच अश्वशक्ती म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॉट. म्हणजे एक जलद चार्जर चालू करणे हे पाच अश्वशक्तीचे सोळा पंप एकाच वेळी चालू करण्यासारखे आहे! खेड्यातील खांबांवर दिसणारी रोहित्रे बहुधा ६३ किंवा १०० केव्हीए क्षमतेची असतात. त्यांच्यावरच घरांचे दिवे, पंखे आणि वाड्यांचे पंप अवलंबून असतात. अशा रोहित्रावर हा नवा भार टाकला, तर ऐन संध्याकाळी घरोघरचे दिवे मंद होतील आणि वाड्यांचे शिंपणे अडेल.

म्हणून अशा चार्जरसाठी बहुधा स्वतंत्र रोहित्र उभारावे लागते आणि त्यास ११,००० व्होल्ट दाबाच्या वाहिनीवरून वीज द्यावी लागते. एवढा दाब कशासाठी? ६० किलोवॉट वीज ४१५ व्होल्ट दाबाने न्यावयाची, तर तीनही तारांतून प्रत्येकी सुमारे ८४ अँपिअर प्रवाह जातो; ११,००० व्होल्ट दाबाने नेली, तर अवघा तीन अँपिअर पुरतो. प्रवाह कमी, म्हणजे तारेचे तापणे कमी आणि विजेची नासाडीही कमी. याच जिल्ह्यातील खोपोलीच्या जलविद्युतगृहातून १९१५ साली मुंबईस वीज जाऊ लागली, तीही उच्च दाबानेच.

खर्चाचे आणखी एक कारण आहे. तारांतून येणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. घटमालेला दिष्ट प्रवाह लागतो. सावकाश भरताना हे रूपांतर मोटारीतील लहान यंत्र करते. जलद भरताना ते काम बाहेरच्या कपाटाएवढ्या मोठ्या यंत्रास करावे लागते. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. भागाकार केला, तर एका केंद्रामागे सुमारे १० लाख ७६ हजार रुपये येतात. आणि हे झाले केवळ सरकारचे साहाय्य!

यंत्र बसले म्हणजे खर्च संपला असेही नाही. वीज वापरली वा न वापरली, तरी मोठ्या जोडणीचा स्थिर आकार भरावाच लागतो. समजा, हा आकार आणि कर्जाचा हप्ता मिळून दिवसाला १,००० रुपये होतात. शनिवारी वीस मोटारींनी प्रत्येकी वीस युनिटे घेतली, तर दर युनिटामागे अडीच रुपयांचा भार पडेल. मंगळवारी दोनच मोटारी आल्या, तर हाच भार पंचवीस रुपये होईल. विजेची किंमत निराळीच.

समुद्रकाठची हवाही विसरून चालणार नाही. खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तालुक्यातील पोफळी आणि विजेचे खांब उन्मळून पडले. कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. येथील यंत्र उंच ओट्यावर आणि भक्कम आडोशाखालीच हवे.

मग दिवेआगरने काय करावे? येथे येणारा पाहुणा बहुधा रात्रीचा मुक्काम करतो. तो झोपलेला असताना मोटारही अंगणात उभीच असते. तेवढ्या वेळात साधी जोडणी तिची घटमाला भरू शकते. अशा पाच मोटारींचा एकत्र भार १५ किलोवॉट होतो, म्हणजे एका जलद चार्जरच्या चौथा हिस्सा. तार जाड व भूजोडणी पक्की आहे, हे जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घेतले की काम झाले. जलद चार्जरची खरी गरज महामार्गावरील माणगावसारख्या ठिकाणी आहे; तेथे रोज वर्दळ असते आणि प्रवासी चहापुरताच थांबतो. पुढे गावातील वर्दळ रोजची झाली, तर हा हिशेब पुन्हा मांडता येईल.

वाडीला पाणी देताना जाणता बागायतदार विहिरीचा झरा पाहतो, मगच पंप निवडतो. विजेच्या बाबतीतही गावाने तसेच करावे.

शब्दार्थ
पुळण – समुद्रकाठची वाळूची जमीन. दोणी – पाणी साठविण्याचे लांबट पात्र. आळे – झाडाच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेला खळगा. घटमाला – बॅटरी. रोहित्र – विजेचा दाब कमी-अधिक करणारे यंत्र. प्रत्यावर्ती प्रवाह – दिशा सतत बदलणारा प्रवाह. दिष्ट प्रवाह – एकाच दिशेने वाहणारा प्रवाह.

स्वाध्याय
१. ‘युनिट’ आणि ‘किलोवॉट’ यांतील फरक रहाट व पंप यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. जलद चार्जरसाठी स्वतंत्र रोहित्र का लागते?
३. ४५ युनिटांची घटमाला ३ किलोवॉट वेगाने भरावयास किती तास लागतील? १५ किलोवॉट वेगाने किती?
४. ‘पाणी तेवढेच, धार मात्र मोठी’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावातील एखाद्या रोहित्राची क्षमता किती आहे, हे वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्या. रोहित्राजवळ जाऊ नका.