वाळूच्या किल्ल्यातली किल्ली

पालकहो, तुमच्या मुलाच्या हातून आज घराची किल्ली हरवली, तर तो तुम्हाला किती वेळानं सांगेल? आमच्या मुलानं दीड तासानं सांगितलं. त्या दीड तासाविषयी तुमच्यापाशी मन मोकळं करायचं आहे.

आम्ही बरीच वर्षं इंग्लंडात राहतो. ऑगस्टच्या सुट्टीत गाडीच्या मागे कॅरॅव्हॅन जोडायची आणि वेल्सचा समुद्रकिनारा गाठायचा, हा आमचा नेम. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोलीच. दिवसा बसायचे बाक, रात्री त्यांचेच पलंग, कोपऱ्यात शेगडी. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून सासूबाई आल्या होत्या, तेव्हा आम्ही टेन्बीला गेलो. तिथल्या किनाऱ्यासमोर सेंट कॅथरिन बेट आहे आणि त्यावर 1870 मध्ये बांधून पूर्ण झालेला किल्ला. ओहोटीला वाळूतून चालत बेटाशी जाता येतं, भरतीला चहूकडून पाणी. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "हा तर आपला अलिबागचा कुलाबा!" झालं, आमच्या दहा वर्षांच्या मोठ्याला स्फुरण चढलं. दिवाळीतला किल्ला इकडे राहून जातो, तो त्यानं वाळूत बांधायला घेतला.

फावडं आणायला मी त्याला कॅरॅव्हॅनची किल्ली दिली. तो पळत गेला, फावडं घेतलं, दार नीट लावलं आणि परत आल्यावर किल्ली खजिना म्हणून किल्ल्याच्या पोटात पुरून ठेवली. ओली वाळू छान थापली जाते, म्हणून किल्ला अगदी पाण्याच्या कडेला. पाचच्या सुमाराला चेंडूमागे धावणाऱ्या मुलांनी तो तुडवला. मोठा गुपचूप वाळू उकरत राहिला.

सहा वाजता सामान आवरताना त्याच्या बाबांनी विचारलं, "किल्ली कुणाकडे आहे?"

"मी आईकडे दिली," तो म्हणाला.

मी पिशवी उपसली. पुन्हा उपसली. मग आम्ही नवराबायको एकमेकांवर घसरलो आणि तसेच धुसफुसत कॅरॅव्हॅनपाशी आलो. दार बंद. जादाची किल्ली आतल्या खणात. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आत, शालही आत. त्यांना गाडीत बसवलं, तर त्यांनी नातवालाही शेजारी ओढून घेतलं. "अरे, तुळशीबागेत माझी अख्खी पर्स गेली होती. घरी सांगायची मलाही भीती वाटली होती. तू सांग, आपण दोघं शोधू." त्याचा बांध फुटला. तेव्हा साडेसहा वाजले होते.

आम्ही किनाऱ्याकडे धावलो. किल्ला होता तिथे कमरेएवढं पाणी होतं. टेन्बीला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सात मीटरांच्या आसपास फरक पडतो. पाच वाजता जी किल्ली वाळूत वीतभर खाली होती, ती आता समुद्रात होती.

खिडकी उचकटायची का? साइटच्या वॉर्डननं अडवलं. कॅरॅव्हॅनच्या खिडक्या अॅक्रिलिकच्या असतात, जोर लावला की तडकतात आणि नवी खिडकी कुलपाच्या कितीतरी पट महाग पडते. कुलपाच्या तोंडावर कोरलेला नंबर त्यानं दाखवला. त्यावरून नवी किल्ली मागवता येते, पण ती टपालानं येईपर्यंत राहायचं कुठं? शेवटी साडेनऊला कुलूपवाला आला. त्यानं कुलूप काढलं, नवं बसवलं. मोठा त्याच्या शेजारी टॉर्च धरून उभा होता.

रात्री मी त्याला विचारलं, "लगेच का नाही रे सांगितलंस?"

"बाबा ओरडले असते. तू पण."

त्याचं खरं होतं. पाण्याची बाटली, शाळेचा कोट, पट्टी, काहीही हरवलं की आमच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, "लक्ष कुठं असतं तुझं?" किल्ली त्याच्या हातून हरवली, पण ती शोधायची वेळ आमच्या धाकानं घालवली.

2011 साली व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधली तीन-चार वर्षांची मुलं. एका शाळेत चुकलं की मार, दुसरीत समज. "मागचं खेळणं वळून बघायचं नाही," असं सांगून मोठं माणूस खोलीबाहेर जाई. दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी बघितलंच. पण मार देणाऱ्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि ते खोटं निभावण्यातही जास्त तरबेज निघाली. धाकानं मूल चुकायचं थांबत नाही, लपवायला मात्र शिकतं.

तुम्ही म्हणाल, रागावायचं नाही तर मुलं बेफिकीर होतील. आम्हालाही तीच शंका होती. पण चुकीची भरपाई करायला लावणं वेगळं आणि चुकीबद्दल घाबरवणं वेगळं. आमच्या मुलानं खाऊच्या पैशांतून नव्या कुलपासाठी आपला वाटा दिला. तो त्यानं आपणहून मोजून आणला.

आम्हीही आमची घडी बदलली. जादाची किल्ली आता माझ्या पर्समध्ये असते, आजींच्या गोळ्या त्यांच्या हातातल्या पिशवीत, आणि मुलाला दिलेली किल्ली लाल गोफात, त्याच्या गळ्यात. तुमच्याकडे कॅरॅव्हॅन नसेल, पण फ्लॅटला लॅच असेलच. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे आजच देऊन ठेवा. तान्हं मूल आत अडकलं आणि लॅच लागलं, तर दाराशी झटापट करत बसू नका, भारतात असाल तर लगेच 101 वर अग्निशमन दलाला फोन करा.

गेल्या ऑगस्टमध्ये मोठा धापा टाकत आला. "आई, सायकलच्या कुलपाची किल्ली पडली. आत्ताच." माझ्या ओठांवर जुनं वाक्य आलं होतं. ते गिळून मी विचारलं, "शेवटची कुठं पाहिलीस?" नळापाशी, गवतात. पाच मिनिटांत सापडली.

म्हणून एवढंच मागणं आहे. मुलाच्या हाती किल्ली जरूर द्या, एकदा हरवली म्हणून काढून घेऊ नका. आणि देताना सांगून ठेवा, "हरवली तर आधी मला सांग, शोधायला मी येईन." मग खरंच जा.