माथ्यावरचा चर आणि घरातली चिंता

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली रेल्वे दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून शहरातल्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. त्याच शहरात दरवर्षी हजारो मुलं नीट आणि जेईईच्या शिकवणीला येतात. मार्क थोडे कमी पडले की आईवडिलांची झोप उडते. अशा वेळी मुलाने जलसंधारणाची वाट धरायची म्हटली, तर ‘माती-पाण्याचं शिकून पोटापाण्याचं काय?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

उत्तर जवळच सापडतं. दहावीनंतर लातूर आणि नांदेड, दोन्हीकडच्या शासकीय तंत्रनिकेतनांत सिव्हिलचा डिप्लोमा होतो. मृद व जलसंधारण विभागाने २०२३ च्या अखेरीस जलसंधारण अधिकाऱ्यांच्या ६७० जागा काढल्या, तेव्हा पात्रता याच डिप्लोमाची होती. मात्र ती परीक्षा २०२४ मध्ये पुन्हा घ्यावी लागली आणि मुलं ताटकळली. अशी भरती दरवर्षी निघत नाही, हे घरात आधीच बोललेलं बरं.

बारावीनंतर परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीची वाट आहे. भूशास्त्रात बीएस्सी केलेल्यांना नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पुढे शिकता येतं. किनवटच्या सागवानी जंगलात रमणाऱ्या मुलीने वनरक्षक भरतीकडे जरूर पाहावं.

या शिक्षणाचा खरा कस शिवारात लागतो. इथला काळा पाषाण पाणी सहजी मुरू देत नाही. ते साठतं भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात. म्हणूनच एका शेतात बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडे नुसती धूळ उडते. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यायचं असतं: आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग ओघळीत दगडी बांध, शेवटी नाल्यावर बंधारा. हा क्रम चुकला की पहिल्याच मोठ्या पावसात बंधारा गाळाने भरतो. तो क्रम जाणणारी माणसं सरकारी खात्यांना लागतात, तशी पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांनाही लागतात. संस्थांतलं काम बहुधा प्रकल्पापुरतं, कंत्राटी असतं. पण हात तिथेच तयार होतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तसंच प्रवेशअर्ज भरण्याआधी मे महिन्यात आईवडिलांनी मुलाला गावच्या विहिरीवर न्यावं, दोरीला दगड बांधून पाणी किती खोल आहे ते मोजू द्यावं, वहीत लिहू द्यावं. ऑक्टोबरात तो स्वतःहून दोरी घेऊन निघतो का, ते पाहावं.