पीअर्सची यादी वाचताना

कळमना, नागपूर

चि. रोहन,

तुझा स्क्रीनशॉट पाहिला. टोरेंटवरून उबुंटू उतरवताना एक पीअर, म्हणजे तीच फाइल घेणारा-देणारा दुसरा संगणक, तुझ्याकडून सारखा डेटा ओढतो आणि त्याच्यापुढचा टक्का शून्यावरून हलत नाही, म्हणून तू घाबरलास. घाबरू नकोस, पण तुझी नजर गेली हे बरं झालं.

फाइलची काळजी नको. ब्रॅम कोहेननं 2001 मध्ये बिटटोरेंट आणलं तेव्हाच फाइलच्या प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे ओळख पटवणारा ठसा, नोंदवायची सोय केली. आपल्या कळमन्यात संत्र्याचा ढीग वरून चकचकीत अन् खाली सडका निघू शकतो. इथं एकेक फळ तपासूनच आत येतं. खोटा तुकडा आला की प्रोग्राम तो फेकतो आणि दुसरीकडून मागवतो.

तुझा गडी मात्र कचरा देत नाही, नुसताच घेतो. टक्का ज्याचा तोच कळवत असतो, त्यामुळे खोटंही सांगता येतं. नवा आलेला, मंद नेटवाला माणूसही बराच वेळ शून्यापाशी राहतो, तेव्हा उतावीळ होऊ नकोस. तू त्याला किती दिलं ते बघ. एकट्या तुझ्याकडून दोन जीबी गेले अन् तरी तो शून्यावरच, तर राइट क्लिक करून बॅन कर. शुनलेई नावाचा चिनी प्रोग्राम अशा फुकट्या वागण्यासाठी जुना बदनाम आहे. पण यादीत पीअरपुढे दिसणारा देशाचा नुसता झेंडा बघून कोणावर संशय घेऊ नकोस. व्हीपीएनवाल्याचा झेंडा कुठलाही दिसतो.

हॅशला एक मर्यादा आहे बरं का. टोरेंट बनवणाऱ्यानं ठेवलं तेच आलं, एवढंच तो सांगतो. त्यानंच व्हायरस ठेवला असेल तर तोही अस्सल उतरतो. म्हणून टोरेंट उबुंटूच्या स्वतःच्या साइटवरूनच घे.

अन् सिनेमाच्या वाटेला जाऊ नकोस. 2016 मध्ये 'उडता पंजाब' लागायच्या आधीच टोरेंटवर आला होता. तुझे मित्र असलंच काही शोधत असतात. टोरेंटवर घेणारा त्याच वेळी वाटणाराही असतो, आणि त्याचा आयपी पत्ता यादीतल्या सगळ्यांना दिसतो. पत्ते टिपायलाच बसलेले पीअर असतात, ते शून्यावर अडकून तुला इशारा देणार नाहीत. कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

उबुंटू उतरलं की लगेच बंद करू नकोस. घेतलं तेवढं तरी परत जाऊ दे.

तुझा,
मामा